बोटभर बीज, कंबरभर पाणी

नागपूर शहराच्या पश्चिम भागातील धरमपेठ ही वस्ती तळ्यांच्या शेजारी वसलेली आहे. भोसले राजवटीत बांधलेला तेलंगखेडीचा तलाव, ज्यास लोक फुटाळा म्हणतात, तो येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. अंबाझरीचा तलावही फार दूर नाही. फुटाळ्याच्या बाजूसच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. इ. स. २००० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही नागपुरातच आहे. शहराच्या पूर्वेस व आग्नेयेस गेले, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा तर तळ्यांचाच मुलूख लागतो. असे असूनही धरमपेठेतील गृहिणी बाजारातून रोहू किंवा कटला घेऊन येते, तेव्हा तो मासा पुष्कळदा आंध्र प्रदेशातून बर्फात भरून, मालमोटारीने रात्रभर प्रवास करून आलेला असतो.

ज्या प्रदेशात हजारो तळी आहेत, त्याच्या राजधानीवजा शहरास मासा परप्रांतातून का आणावा लागतो? आपल्या तळ्यांत पाणी नाही, की आपल्या धीवर बंधूंच्या अंगी कसब नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. पाणीही आहे आणि कसबही आहे. उणीव आहे ती दोन साध्या गोष्टींची. तळ्यात सोडावयाचे बीज बोटभर लांबीचे होण्यापूर्वीच सोडले जाते, आणि उन्हाळ्यात तळ्यामध्ये कंबरभर पाणीदेखील राखले जात नाही. या दोन गोष्टी साधल्या तर काय होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम जगातील मत्स्यव्यवसाय आज कोठे येऊन पोहोचला आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

जगाची पालटलेली रीत

मनुष्याने धान्याची शेती करण्यास हजारो वर्षांपूर्वी आरंभ केला. परंतु मासा मात्र त्याने बहुतांशी शिकारीनेच मिळविला. चीनमध्ये व आपल्या बंगाल-ओरिसाकडे तळ्यांत मासे पाळण्याची प्रथा जुनी आहे खरी. तथापि जगाच्या एकूण मत्स्योत्पादनात तिचा वाटा फार काळ अल्पच होता. ही स्थिती आता पालटली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या वर्षी पाळून वाढविलेल्या मासे, कोळंबी, शिंपले इत्यादी जलचरांचे उत्पादन सुमारे ९ कोटी ४४ लाख टन झाले, तर समुद्र व नद्या यांतून पकडलेल्या जलचरांचे उत्पादन सुमारे ९ कोटी १० लाख टन झाले. पाळलेले जलचर पकडलेल्या जलचरांपेक्षा अधिक भरल्याची इतिहासात ही पहिलीच वेळ होय. १९६१ साली जगात दरडोई वर्षाला सुमारे ९ किलो जलचर अन्न खाल्ले जात असे. २०२१ साली हे प्रमाण २० किलोंच्या वर गेले.

आपल्या देशानेही या बाबतीत मोठी मजल मारली आहे. १९५०-५१ साली देशाचे एकूण मत्स्योत्पादन साडेसात लाख टनांच्या आसपास होते आणि त्यातील बराच मोठा भाग समुद्रातून येत असे. २०२२-२३ साली ते १७५ लाख टनांवर गेले. विशेष ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांपैकी सुमारे १३१ लाख टन, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश मासा गोड्या व निमखाऱ्या पाण्यातून, मुख्यतः तळ्यांतून आला. मासे पाळण्याच्या बाबतीत आज चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. मत्स्यव्यवसाय म्हणजे केवळ कोकणपट्टीचा धंदा, ही समजूत यापुढे टाकून द्यावयास हवी.

निर्यातीचा मोह आणि आपला मार्ग

मासळीच्या निर्यातीचे आकडे वाचून कोणाही होतकरू शेतकऱ्याच्या मनात मोह उत्पन्न व्हावा हे स्वाभाविक आहे. २०२२-२३ या वर्षी भारतातून १७ लाख टनांहून अधिक जलचर माल परदेशी गेला व त्याची किंमत सुमारे ६३,९०० कोटी रुपये झाली. यातील दोन-तृतीयांश किंमत एकट्या गोठविलेल्या कोळंबीची होती. परंतु हा धंदा नफ्याचा आहे तितकाच जोखमीचाही आहे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने पूर्व किनाऱ्यावरील कोळंबी-तळी उद्ध्वस्त केली. २००९ पासून अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हनामी जातीच्या कोळंबीस परवानगी मिळाली व धंद्याने पुन्हा उचल घेतली. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविताच आंध्रातील कोळंबी उत्पादकांच्या पोटात गोळा आला. ज्या मालाचा मुख्य ग्राहक एका दूरच्या देशात आहे, त्या मालाचा भाव आपल्या हाती राहत नाही, हा त्यातील बोध.

दुसरीही एक गोष्ट आहे. कोळंबी किंवा नॉर्वेचा सामन मासा यांच्या खाद्यात समुद्रातील लहान माशांचे पीठ व तेल घालावे लागते. पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँकोव्ही नावाचा लहान मासा मुख्यतः अशा पिठासाठी पकडला जातो. १९७० साली त्याची पकड एक कोटी टनांच्या वर गेली. अतिरिक्त मासेमारी व समुद्रातील उष्ण प्रवाह यांमुळे १९७२-७३ साली ती एकाएकी कोसळली. म्हणजे एक मासा वाढविण्यासाठी दुसरे मासे मारावे लागतात, आणि ते कमी पडले की खाद्य महागते.

आपले कटला, रोहू व मृगळ हे मासे या बाबतीत फार सोयीचे आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरातील शेवाळ व कुजकी वनस्पती खातो. मृगळ तळाशी साचलेला कुजका पाला व सेंद्रिय गाळ यांवर वाढतो. तळ्यास शेणखत द्यावे, पाण्यात सूक्ष्म जीव वाढावे आणि ते या माशांनी खावे, असा हा सरळ हिशोब आहे. वरखाद्य द्यावयाचे झाल्यास भातगिरणीतील कोंडा आणि तेलघाण्याची ढेप पुरेशी होते. आणि धानाच्या मुलखात कोंड्याची वाण नाही. असा मासा आपल्याच शहरांत खपतो. तेव्हा विदर्भातील शेतकऱ्याने निर्यातीच्या कोळंबीकडे पाहून हळहळण्याचे कारण नाही. त्याची बाजारपेठ धरमपेठेत आहे.

अंगुल येथील प्रयोग

आज आपणांस मत्स्यबीज मागणी करताच मिळते. परंतु पूर्वी ही गोष्ट इतकी सुलभ नव्हती. कटला, रोहू व मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात मादी अंड्यांनी भरली तरी ती घालीत नाही. त्यामुळे नद्यांच्या पुरातून अंडी व जिरे गोळा करावे लागत. बंगालमधील नद्यांतून गोळा केलेले बीज कलकत्त्याहून रेल्वेने निरनिराळ्या प्रांतांत जात असे. वाटेत त्यातील पुष्कळ मरे, आणि जे उरे त्यात नको असलेल्या माशांचीही पिल्ले मिसळलेली असत.

ही अडचण दूर करण्याचे श्रेय डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांना आहे. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे माशाच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशास बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लाविले. हा दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे गोलाकार हौदांत पाणी फिरते ठेवून बीज तयार करण्याची चिनी पद्धत आली. ग्रंथीच्या अर्काऐवजी तयार संप्रेरके मिळू लागली. नदीवर अवलंबून असलेले बीज अशा रीतीने शेतकऱ्याच्या हाती आले.

१९५० नंतरच्या दशकात सायप्रिनस, सिल्व्हर कार्प व ग्रास कार्प हे मासे परदेशांतून आणले गेले, आणि तीन देशी व तीन विदेशी अशा सहा जाती एकाच तळ्यात पाळण्याची मिश्र मत्स्यसंवर्धनाची पद्धत पुढे रूढ झाली. या पद्धतीचे तत्त्व शेतकऱ्यास नवे नाही. ज्वारीच्या ओळींत तूर घेतली म्हणजे दोहोंची मुळे वेगवेगळ्या थरांतून अन्न घेतात. त्याचप्रमाणे पाण्याच्या निरनिराळ्या थरांत चरणारे मासे एकमेकांच्या तोंडचा घास काढीत नाहीत.

आंध्राने काय केले

आंध्र प्रदेशातील कृष्णा व गोदावरी या नद्यांच्या मुखांमध्ये कोल्लेरू सरोवराचा परिसर आहे. १९८० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनी भातशेतीच्या जमिनींत तळी खोदून रोहू व कटला यांची मोठ्या प्रमाणावर लागवड आरंभिली. त्यांच्या यशाची कारणे अनेक आहेत. त्यांत बर्फाचा पुरवठा व वाहतुकीची शिस्त यांचाही वाटा आहे. परंतु तळ्याच्या काठावरचे सर्वांत मोठे कारण बीजाचा आकार हे होय.

तेथील शेतकरी इंच-दीड इंचाचे पिल्लू मुख्य तळ्यात टाकीत नाही. तो बीज लहान तळ्यात दाटीने व बेताच्या खाद्यावर वर्षभर ठेवतो. हे बीज १०० ते १५० ग्रॅमचे होऊन थांबते. मग त्याला ऐसपैस जागा व पोटभर खाद्य मिळताच ते झपाट्याने वाढते. असे बीज सोडल्यावर भक्षक मासे किंवा पाणपक्षी यांच्या तोंडी ते सहसा पडत नाही. जो मासा सोडला तो बहुतेक हाती येतो.

तथापि आंध्राचे सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. तळी खोदण्याच्या हव्यासात कोल्लेरू सरोवराच्या अभयारण्यावरच अतिक्रमण झाले आणि २००६ साली शासनास तेथील शेकडो तळ्यांचे बांध फोडावे लागले. आपणांस जमीन खोदून नवी सरोवरे करावयाची नाहीत. पूर्वजांनी बांधलेली तळी आपल्यापाशी आहेतच. आपण आंध्राकडून बीजाचा धडा तेवढा घ्यावा.

मालगुजारी तळ्यांचा वारसा

पूर्व विदर्भातील तळी गोंड राजांच्या काळापासून बांधली जात आली. कोहळी समाजाच्या लोकांनी उताराचा व ओढ्यांचा अचूक अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि त्यांखाली धान व ऊस पिकविला. तळ्याची देखभाल मालगुजार व गावकरी मिळून करीत; धीवर बंधू त्यात मासेमारी करीत, शिंगाडा व कमळकंद काढीत. नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व तळी शासनाकडे आली. जमीनदारीचा अंत झाला ही न्याय्यच गोष्ट झाली; परंतु दरवर्षी पाळीवर माती टाकणारे, गाळ काढणारे आणि पाणी वाटून देणारे हात मात्र त्याबरोबर सुटले. तळी गाळाने भरत गेली. काठावर बेशरमाची झुडपे माजली.

आज अशा तळ्यावर दोघांचा हक्क चालतो. पाण्यावर सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याचा, आणि माशांवर ठेका घेतलेल्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा. दोघेही एकाच गावचे, दोघांचेही पोट त्याच पाण्यावर. पण एकाला पाणी शेतात हवे असते व दुसऱ्यास ते तळ्यात हवे असते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी धान वाचविण्यासाठी तळे कोरडे केले जाते आणि अर्धवट वाढलेले मासे चिखलात तडफडतात. संस्थेने बीजासाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहते. पुढच्या वर्षी ती संस्था स्वस्तातले, बारीक बीज आणून तळ्यात टाकते, कारण मोठ्या बीजासाठी तिच्यापाशी पैसा नसतो. आणि बारीक बीज भक्षकांच्या पोटात जाते. तळ्यातून मासा निघत नाही तो या फेऱ्यामुळे.

बोटभर बीज कसे करावे

हा फेरा तोडण्याचा आरंभ बीजापासून करावा. बीजनिर्मिती केंद्रातून प्रथम निघते ते मत्स्यजिरे. त्याची लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असते. पंधरा ते वीस दिवसांत ते इंचभराचे होते, आणि त्यानंतर दोन ते तीन महिने नीट सांभाळल्यास दहा सेंटिमीटरची, म्हणजे प्रौढ माणसाच्या बोटाहून थोडी अधिक लांबीची बोटुकली तयार होते. मोठ्या तळ्यात सोडण्यास योग्य बीज ते हेच.

बोटुकली तयार करण्यासाठी मोठ्या तळ्याची गरज नाही. धानाच्या शेतातील बोडी किंवा शेततळे त्यास पुरेसे होते. दहा गुंठ्यांच्या बोडीत इंचभराचे २० ते ३० हजार बीज ठेवता येते व काळजी घेतल्यास त्यातील शेकडा साठ ते सत्तर बोटुकल्या हाती लागतात. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वैशाख-ज्येष्ठात बोडी कोरडी करून तळ उन्हात तापू द्यावा. कोरडी होत नसल्यास भक्षक मासे मारण्यासाठी मोहाची ढेप वापरावी. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर पाणी या हिशोबाने २,५०० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांस सुमारे २५० किलो ढेप लागते. तिचा विषारी अंश दोन ते तीन आठवड्यांत नाहीसा होतो व पुढे तिचेच खत होते.

२. मातीचा आम्लपणा पाहून हेक्टरी २५० ते ५०० किलो या प्रमाणात चुना टाकावा. त्यानंतर सुमारे आठवड्याने शेणखत द्यावे. पाण्यास हिरवट-तपकिरी छटा आली, की माशांचे नैसर्गिक अन्न तयार झाले असे समजावे.

३. बीजाची प्लास्टिकची पिशवी आणल्याबरोबर फोडू नये. ती पंधरा-वीस मिनिटे बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तोंड सोडून थोडे थोडे पाणी आत घ्यावे आणि पिल्लांस आपण होऊन बाहेर जाऊ द्यावे. पाण्याच्या उष्णतेतील एकाएकी फरकाने बीज दगावते, आणि तो दोष विनाकारण बीज देणाऱ्यावर येतो.

४. बारीक कोंडा व भुईमुगाची ढेप समभाग मिसळून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी द्यावी. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला असे जाणावे. अशा वेळी खत व खाद्य बंद ठेवून ताजे पाणी सोडावे किंवा बांबूने पाणी झोडपावे.

५. थाई मागूर हा परदेशी मांसभक्षक मासा लवकर वाढतो असे सांगून कोणी बीज देऊ लागल्यास ते घेऊ नये. त्याच्या पालनास देशात बंदी आहे, आणि तो एकदा ओढ्यात शिरला की देशी मासे संपवितो.

बीजाचा हा फरक हिशोबात कसा दिसतो ते पाहू. समजा, दहा हेक्टरांच्या तळ्यात दहा हजार इंचभर पिल्ले सोडली आणि त्यांतील शेकडा दहाच वाचली. प्रत्येक मासा अर्ध्या किलोचा झाला, तर ५०० किलो मासा मिळेल. त्याच तळ्यात दहा हजार बोटुकल्या सोडल्या व त्यातील निम्म्या वाचल्या, तर २,५०० किलो मासा मिळेल. तळे तेच, पाणी तेच आणि जाळे टाकणारे हातही तेच. बोडीचा मालक शेतकरी बोटुकल्या विकून दोन पैसे मिळवितो व सहकारी संस्थेस गावातच बीज मिळते. पाण्यावरून भांडणारे दोघे येथे प्रथमच एकमेकांचे गिऱ्हाईक होतात, हा या योजनेचा आणखी एक लाभ होय.

कंबरभर पाण्याचा करार

बीज चांगले सोडले तरी तळे कोरडे पडल्यास सर्व व्यर्थ आहे. यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस, तळे भरलेले असतानाच, पाणी वापरणारे शेतकरी व मत्स्यव्यवसाय संस्था यांना एकत्र बसवावे. चैत्रात भांडण सुरू झाल्यावर बोलावलेली सभा निरुपयोगी असते. तळ्याच्या सर्वांत खोल भागात कंबरभर, म्हणजे सुमारे एक मीटर, पाणी कोणत्याही परिस्थितीत सोडावयाचे नाही, असे सर्वांसमक्ष ठरवून ग्रामसभेच्या कार्यवृत्तात नोंदवावे. तोंडाजवळ दगडाचा खांब रोवून त्यावर या पातळीची खूण करावी. खूण डोळ्यांसमोर असली म्हणजे वादास जागा राहत नाही.

या करारात संस्थेनेही आपला वाटा उचलावा. ज्या वर्षी पाऊस कमी पडेल त्या वर्षी मोठे मासे माघ-फाल्गुनातच काढून पाणी मोकळे करावे. तळे खोल करणे हा तर दोघांच्याही हिताचा उपाय आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून राज्यात सुरू झाली. तिच्याद्वारे काढलेला गाळ शेतकऱ्याच्या शेतास मिळतो आणि जितका गाळ निघेल तितके पाणी वाढते. मात्र गाळ काढताना पाळीच्या पायथ्याजवळ खोदू नये, आणि तळ्याचा उथळ काठ सगळाच खरवडून टाकू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे.

पाणवनस्पती व देशी मासे

जुन्या तळ्यात मासा म्हणजे केवळ रोहू आणि कटला नव्हे. मरळ, मागूर, शिंगी, वाम, झिंगे असे अनेक देशी जलचर तेथे राहतात, स्वतःच अंडी घालतात व त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही. मरळ व मागूर यांना बाजारात भावही चांगला येतो. हे मासे उथळ काठावरील पाणवनस्पतींत अंडी घालतात व त्यांची पिल्ले तेथेच लपतात. काठ उजाड झाला, बेशरम माजली किंवा ग्रास कार्पने सारी वनस्पती खाऊन टाकली, की देशी माशांचे घरच नाहीसे होते.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने धीवर बंधुभगिनींच्या साह्याने या दिशेने काम केले आहे. तेथे तळ्यातील बेशरम मुळासकट काढण्यात आली, धीवरांच्या परंपरागत ज्ञानास अनुसरून उपयुक्त पाणवनस्पतींची तळ्यात पुन्हा लागवड करण्यात आली, आणि देशी मासे परतू लागल्याचा अनुभव आला. कोणती वनस्पती कोणत्या माशास हवी, हे त्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते; त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

यावरून एक नियम बांधता येईल. बोडी, शेततळे अशा लहान जागी मोहाची ढेप वापरून मिश्र मत्स्यसंवर्धन करावे. मालगुजारी तळ्यासारख्या मोठ्या व जुन्या पाण्यात मात्र ढेप मुळीच वापरू नये. तेथे देशी मासे राखून त्यांच्या जोडीस हेक्टरी बेताच्याच बोटुकल्या सोडाव्यात, आणि त्यातून ग्रास कार्प वगळावा. पहिल्या पावसात देशी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा त्यांना काही आठवडे जाळ्यापासून मुक्त ठेवावे.

मासा बाजारात कसा न्यावा

आंध्रातील मासा रात्रभर प्रवास करूनही विकला जातो, कारण तो पकडल्याबरोबर बर्फात जातो. आपला मासा काही तासांतच नागपुरास पोहोचू शकतो. पण उन्हात उघड्या टोपलीत ठेवला तर त्या जवळिकीचा काही उपयोग नाही. जाळे पहाटे ओढावे, मासे स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि मासा व बारीक केलेला बर्फ समभाग घेऊन एकावर एक थर द्यावेत. एकाच दिवशी सारे तळे उपसून भाव पाडण्यापेक्षा आठवड्याचे वार ठरवून थोडा थोडा मासा काढावा. ठरलेल्या वारी खात्रीने ताजा मासा मिळतो असा लौकिक झाला, म्हणजे शहरातील ग्राहक बर्फातील शिळ्या माशासाठी थांबणार नाही.

भांडवलासाठी शासनाच्या योजना उपलब्ध आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास खर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालकांसही लागू झालेली आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू वर्षाचे नियम विचारून घ्यावेत.

कार्यकर्त्यांसाठी वर्षाचा क्रम

वैशाख-ज्येष्ठ : बोड्यांची तयारी, चुना व खत, तळ्याचा गाळ काढणे.
आषाढ-श्रावण : बीज आणून बोडीत सोडणे, तळ्यात देशी माशांस अभय देणे.
भाद्रपद-आश्विन : सांडव्यावरून पाणी जाणे थांबल्यावर बोटुकल्या तळ्यात सोडणे, तोंडास जाळी बसविणे.
कार्तिक : शेतकरी व संस्था यांची सभा, पाण्याच्या पातळीचा करार.
पौष ते चैत्र : टप्प्याटप्प्याने मासे काढणे, विक्री व हिशोब.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पहिल्या वर्षी सर्व गावांचा भार घेऊ नये. एक तळे, एक बोडी व एक सहकारी संस्था निवडावी. किती बीज सोडले, किती लांबीचे सोडले, चैत्रात पाणी किती उरले व मासा किती निघाला, एवढ्या चारच गोष्टी वहीत टिपाव्यात. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावाने विचारले, की ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. भाषणापेक्षा तिचा परिणाम अधिक होईल.

तळी बांधणाऱ्या पूर्वजांनी आपले काम चोख करून ठेवले आहे. बीज बोटभर झाल्याखेरीज तळ्यात सोडावयाचे नाही आणि पाणी कंबरेखाली जाऊ द्यावयाचे नाही, एवढा निश्चय गावाने केला, तर धरमपेठेच्या बाजारात आपल्या तळ्याचा मासा दिसण्यास फार वर्षे लागणार नाहीत.